दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावताय? नेहमी अडणारे प्रश्न

फायबरचा डबा सोप्यात, मुलांचा अभ्यास माडीवर आणि मध्ये काळ्या दगडाची हातभर जाड भिंत. कोल्हापुरात मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत जुन्या घरांची ही रचना ठरलेली. राजारामपुरीकडच्या बंगल्यांत भिंती विटांच्या असतात, पण दोन स्लॅब आडवे येतात. दोन्हीकडे उपाय एकच: केबल ओढायची आणि वर दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वाय-फाय देण्यापुरता, लावायचा. तो लावताना आणि लावल्यावर जे अडतं ते इथे दिलं आहे. खाली 'मुख्य' म्हणजे इंटरनेट कंपनीने दिलेला, फायबर ज्यात येते तो डबा. 'दुसरा' म्हणजे तुम्ही जोडलेला.

रिपीटर घ्यावा, मेश घ्यावा की दुसरा राउटर?

केबल नेता येत असेल तर दुसरा राउटर. फार विचार करू नका. रिपीटर हवेतून घेतो आणि हवेतूनच पुढे देतो. एकाच बँडवर दोन्ही कामं करणाऱ्या रिपीटरचा वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय तो जिथे लावायचा तिथे मुळात सिग्नल चांगला लागतो, आणि लोक तो नेमका सिग्नल संपतो तिथे लावतात. मग फोनवर कांड्या फुल्ल आणि व्हिडिओ गोल फिरत बसलेला. मेशचंही, म्हणजे एकमेकांशी हवेतून बोलणाऱ्या डब्यांच्या संचाचंही तेच. दोन डब्यांमध्ये दगडी भिंत आली की महागडा संचही लंगडतो. तोच संच केबलने जोडला तर मात्र उत्तम चालतो, आणि घरात फिरताना फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर जास्त सफाईने जातो.

माळ्यावर पडलेला जुना राउटर चालेल का?

चालतो. लँडलाइनच्या काळातला, फोनची वायर लागायची तो मोडेम-राउटरसुद्धा चालतो. त्याला वॅन पोर्ट (बाहेरून येणारं इंटरनेट घ्यायचा) नसतो, पण आपल्याला तो लागतच नाही, लॅन पोर्ट (घरातली उपकरणं जोडायचे) पुरतात. अशा डब्यांचे पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचे असतात आणि वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं. ऑनलाइन तास, व्हॉट्सॲप, यूट्यूब एवढ्याला ते पुरेसं आहे. ॲडॉप्टर मात्र मूळचाच लावा. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा पिन बसतो म्हणून लावला की राउटर जातो. उलट केलं, किंवा ॲडॉप्टर कमी अँपिअरचा असला, तर राउटर चालू होतो पण लोड आला की बंद पडून पुन्हा चालू होत राहतो. हा दोष शोधायला भल्याभल्यांचे दोन-तीन दिवस जातात.

सेटिंग कोणत्या क्रमाने करायची?

क्रम महत्त्वाचा आहे. मुख्यचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे असं धरून चालू. तुमच्याकडे तो १९२.१६८.२९.१ असेल तर खाली तिसरा आकडा तसा बदलून वाचा.

१. दुसरा अजून मुख्यला जोडू नका. त्याचं रिसेटचं बटण पिनने १० सेकंद दाबून तो कोरा करा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून लॅपटॉप केबलने त्याच्या लॅन पोर्टला लावा.

२. डब्याच्या पोटाला चिकटवलेल्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा. बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो.

३. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड टाका. सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ आणि एईएस निवडा. टीकेआयपी निवडलं तर वाय-फाय ५४ एमबीपीएसच्या जुन्या वेगावर घसरतं.

४. लॅनच्या पानावर पत्ता १९२.१६८.१.२ करा, मास्क २५५.२५५.२५५.०. सेव्ह केल्यावर पान गायब होईल, घाबरू नका. केबल काढून पुन्हा लावा आणि नवा पत्ता उघडा.

५. आता डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे फोन-लॅपटॉपना पत्ते वाटणारी सोय, बंद करा. आयपीव्ही-६ चं पान असेल तर तिथली पत्ते वाटण्याची आणि राउटर असल्याची घोषणा करण्याची सोयही बंद करा. ही दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, मग काही साइट झटकन उघडतात आणि काही मिनिटभर लटकतात.

६. मुख्यच्या लॅन पोर्टातून निघालेली केबल दुसऱ्याच्या लॅन पोर्टात लावा. दुसऱ्याचा वॅन पोर्ट रिकामा ठेवा. त्यावर इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवलात तर पुढे कोणी 'इंटरनेट इथेच लागतं' म्हणून वायर हलवणार नाही.

पाचवी पायरी चौथीच्या आधी केली, तर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर लॅपटॉपला पत्ता द्यायला कोणी उरत नाही आणि पान उघडत नाही. मुख्यवर एक काम राहतं: तो पत्ते कुठून वाटतो ते बघा. वाटप १९२.१६८.१.२ पासूनच सुरू असेल तर ते २० पासून सुरू करा. नाहीतर एखाद्या दिवशी कुणाच्या फोनला दुसऱ्या राउटरचाच पत्ता मिळेल आणि दोघंही भांडत बसतील. कंपनीने ते पान लॉक केलं असेल तर त्यांच्याच माणसाकडून बदलून घ्या.

माझ्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' आहे. तरीही हे सगळं करायचं?

नाही. तो मोड निवडला की डीएचसीपी आपोआप बंद होतं, आणि बहुतेक राउटरवर वॅन पोर्टही बाकीच्या पोर्टांसारखाच होतो. म्हणजे केबल कुठेही लावा. एकच अडचण: दुसरा आता मुख्यकडून पत्ता घेतो, त्यामुळे त्याचं पान कुठल्या पत्त्यावर उघडतं ते कळत नाही. मुख्यच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, तिथे तो सापडेल. तिथेच तो पत्ता त्याच्या नावावर राखून ठेवा.

माडीवर 'कनेक्टेड, नो इंटरनेट' येतं. कधीकधी खालीही. कुणाच्या फोनवर चालतं, कुणाच्या नाही.

सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. फोनमध्ये त्या वाय-फायच्या नावावर दाबून तपशील उघडा. तिथे आयपी पत्ता आणि गेटवे (इंटरनेटला जायचं दार) अशा दोन ओळी दिसतील. निदान तिथेच आहे.

गेटवे १९२.१६८.१.२ दिसला, तर फोनला पत्ता दुसऱ्याने दिला आहे. म्हणजे त्याचं डीएचसीपी अजून चालू आहे. फोन घरात शिरला की 'मला पत्ता द्या' अशी हाक घरातल्या सगळ्या नेटवर्कभर मारतो आणि साधारणपणे जो आधी उत्तर देईल त्याचं ऐकतो. दुसरा जिंकला तर तो सांगतो, 'इंटरनेटसाठी माझ्याकडे ये'. त्याच्याकडे इंटरनेटची वाटच नसते, वॅन पोर्ट रिकामा आहे. ही शर्यत दर वेळी वेगळी लागते, म्हणून आईच्या फोनवर चालतं आणि तुमच्या नाही. हाक केबलमधून खालीही पोचते, म्हणून दोष माडीवरच्या डब्याचा असून सोप्यातला टीव्हीही बंद पडतो.

गेटवे १९२.१६८.०.१ असा भलताच दिसला, तर दुसरा अजून राउटरचंच काम करतोय आणि केबल त्याच्या वॅनमध्ये आहे. इंटरनेट चालेलही, पण घराचे दोन तुकडे पडलेत.

लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आला, किंवा फोन 'आयपी पत्ता मिळवत आहे' यावरच अडकला, तर हाकेला कोणीच ओ दिली नाही. केबल तुटली आहे, सैल आहे किंवा मुख्य बंद आहे.

गेटवे १९२.१६८.१.१ असूनही इंटरनेट नसेल तर दोष बहुधा पुढे आहे. लॅपटॉपवरून आधी १९२.१६८.१.१ ला पिंग करा (उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा), मग इंटरनेटवरच्या, गूगलच्या ८.८.८.८ ला. पहिला चालतो, दुसरा नाही: कंपनीची लाइन बघा. दोन्ही चालतात पण साइट उघडत नाही: डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) बघा.

दुरुस्ती केल्यावर प्रत्येक फोनचं वाय-फाय बंद करून चालू करा. जुना पत्ता मुदत संपेपर्यंत फोनपाशी राहतो, आणि ती मुदत कित्येक राउटरवर २४ तासांची असते. योग्य दुरुस्ती करूनही 'काही फरक नाही' म्हणून लोक पुन्हा सगळं बिघडवतात ते यामुळेच.

सहा महिने छान चालू होतं. काल एकदम सगळ्या घराचं बंद झालं.

विचारा, रिसेट कोणी दाबलं? नेट गेलं की घरातला कोणीतरी शहाणा टाचणी घेऊन बसतो. रिसेट झाला की दुसऱ्याचा मूळ पत्ता परत येतो आणि डीएचसीपी पुन्हा चालू होतं. तो मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर घरात एकाच पत्त्याचे दोन मालक. खात्री करायला माडीवर जाणारी केबल मुख्यमधून उपसा. खालचं सुरळीत झालं तर गुन्हेगार वरच आहे. सेटिंग पुन्हा पहिल्या पायरीपासून करा. आणि सगळं नीट चालू असतानाच सेटिंगची बॅकअप फाइल उतरवून ठेवा.

२०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. खाली पूर्ण मिळतो, वर ९४ च्या पुढे जात नाही.

९०-९५ वर अडकलेला आकडा म्हणजे कुठेतरी १०० एमबीपीएसचा जोड आहे. हवेतून आलेला दोष कधी ४०, कधी १३० असा हलत राहतो. ९४ हा केबलचा आकडा आहे.

आधी पोर्ट बघा. कंपनीच्या काही डब्यांवर चारपैकी एकच लॅन पोर्ट गिगाबिट असतो, बाकीचे १०० चे. केबल त्या एका पोर्टात लावून बघा. मग दुसऱ्याचे पोर्ट. ते १०० चे असतील तर विषय तिथेच संपला.

दोन्ही गिगाबिट असतील तर कनेक्टर हातात घ्या आणि खिडकीच्या उजेडात धरा. क्लिपची बाजू खाली, सोनेरी पट्ट्या तुमच्यासमोर वर. डावीकडून रंग असे हवेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. १०० एमबीपीएसला पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी एवढ्याच चार तारा लागतात. गिगाबिटला आठही लागतात. म्हणून निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी टोकापर्यंत पोचली नसली, तरी नेट बंद पडत नाही, निमूटपणे १०० वर येतं. पारदर्शक प्लास्टिकमधून प्रत्येक तांब्याचं टोक शेवटच्या भिंतीला टेकलेलं दिसलं पाहिजे. बाहेरचं जाकीट कनेक्टरच्या आत दाबलेलं हवं. ते बाहेर राहिलं आणि तारा उघड्या लोंबत असतील, तर चार महिन्यांत तीच तार सुटणार. कनेक्टर कापून नवा बसवणं हे दहा मिनिटांचं काम आहे.

केबल विकत घेताना 'शुद्ध तांबं' अशी खात्री करून घ्या. स्वस्त बंडलात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी निघाली तर परत द्या. ती वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर वेग टिकत नाही. घरासाठी चांगली कॅट-५ई गिगाबिटला पुरते, कॅट-६ घेतली तर उत्तम. १०० मीटरची मर्यादा घरात कुणी गाठत नाही.

जुन्या घरात केबल कुठून नेऊ? भिंत फोडायची नाही.

तक्तपोशीच्या कडेने, जिन्याच्या फळीखालून किंवा बाहेरून परड्याच्या बाजूने. विजेच्या वायरींच्या पाइपातून नेऊ नका. त्यात २३० व्होल्ट आहेत, आणि एखाद्या वायरचं आवरण फाटलं तर ते राउटरपर्यंत येतील. बाहेरून नेताना काळ्या जाकिटाची आउटडोअर केबल घ्या. घरातली राखाडी केबल उन्हाने तडकते आणि मग पावसाचं पाणी आतून वाहत थेट कनेक्टरमध्ये उतरतं. हिरव्या पडलेल्या पट्ट्या दिसल्या की तेच झालंय. भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. मध्ये जोड देऊ नका. नाइलाज असेल तर कपलर घराच्या आत येईल असं बघा.

राउटर माडीच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर ठेवा. दगडी देवळीत, लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे नको. गच्चीवर पत्र्याची खोली असेल तर तिच्यासाठी वेगळा डबा लागेल, पत्र्यातून सिग्नल आत येत नाही. पाण्याची टाकी आडवी आली तरी तेच.

दोन्हींचं नाव एकच ठेवू की वेगळं?

एकच नाव, एकच पासवर्ड, एकच सुरक्षा प्रकार. चॅनेल वेगळे. २.४ गिगाहर्ट्झवर खाली १, वर ६ किंवा ११. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. गल्लीत दोन्ही बाजूंना घरं चिकटून असताना ४० ठेवलं की शेजाऱ्यांचाही गोंधळ आणि आपलाही. ५ गिगाहर्ट्झवर ३६ आणि १४९ अशी जोडी सोपी. ५२ ते १४४ मधला चॅनेल निवडला तर राउटर चालू झाल्यावर आधी रडारचा कानोसा घेतो, त्यामुळे मिनिटभर तरी ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसत नाही. तो बिघाड नव्हे.

दोष शोधत असाल तेवढे दिवस मात्र नावं वेगळी ठेवा. फोन नेमका कुणाशी बोलतोय ते तरी कळतं.

माडीवर आलो तरी फोन खालच्यालाच चिकटून राहतो.

कधी सोडायचं ते फोन ठरवतो, राउटर नाही. आयफोन सिग्नल साधारण उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली जाईपर्यंत दुसरा शोधायलाही जात नाही, आणि काही अँड्रॉइड फोन त्याहून चिवट असतात. लोक अशा वेळी दोन्हींची पॉवर वाढवतात. करायचं उलटं असतं: मुख्यची २.४ गिगाहर्ट्झची पॉवर मध्यम किंवा कमी करा, म्हणजे जिन्यातच त्याचा आवाज बारीक होईल आणि फोन दुसऱ्याकडे वळेल.

प्रिंटर दिसत नाही, टीव्हीवर फोन कास्ट होत नाही.

घर दोन तुकड्यांत आहे. वर सांगितलेला भलता गेटवे तपासा. तो नीट असेल तर गेस्ट नेटवर्क किंवा 'एपी आयसोलेशन' (उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सोय) चालू नाही ना ते बघा. जुने प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात, आणि डब्ल्यूपीए-३ लावलं तर काही जोडलेच जात नाहीत.

कॅमेरे गावाबाहेरून दिसत नाहीत ही तक्रार मात्र बहुधा वेगळी असते. मुख्यच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली हाक घरातल्या कॅमेऱ्याकडे वळवणं) कितीही केलं तरी व्यर्थ. कॅमेऱ्याचं क्लाउड ॲप वापरा किंवा कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्या.

सगळ्या पोर्टांचे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात आणि काहीच चालत नाही.

दोन्ही राउटरमध्ये दोन केबली लागल्या आहेत, किंवा एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच डब्यात. निरोप गोल फिरत राहतो आणि वाढत जातो. एक केबल काढा, काही सेकंदांत शांत होईल.

वर भाडेकरू आहेत. त्यांना आमचं नेटवर्क दिसू नये.

त्यांना दुसरा राउटर राउटर म्हणूनच लावून दिला की आपण सुरक्षित, असा समज आहे. तो उलटा आहे. तसं केलं तर तुम्हाला त्यांची उपकरणं दिसणार नाहीत, पण त्यांना वाटेत असलेलं तुमचं नेटवर्क गाठता येतं. ॲक्सेस पॉइंटवरचं गेस्ट नेटवर्कही साध्या राउटरांत पुष्कळदा नावापुरतंच असतं. व्हीलॅन (एकाच केबलवर दोन वेगळी नेटवर्कं चालवण्याची सोय) समजणारा मुख्य राउटर आणि ॲक्सेस पॉइंट घ्या, नाहीतर सरळ त्यांना वेगळं कनेक्शन घ्यायला सांगा. बिलाचा वादही मिटतो.

मुख्यवर लॉसचा लाल दिवा लागलाय.

फायबरमध्ये प्रकाश येत नाही. दुसऱ्या राउटरचा काही संबंध नाही, त्याला हात लावू नका. पिवळी फायबर कुठे मुडपली आहे का, कपाटाच्या पायाखाली चेपली आहे का एवढं बघा आणि कंपनीला फोन करा. टोक कापसाने पुसायच्या भानगडीत पडू नका.

लाइट गेल्यावर खाली नेट असतं, वर नसतं. आणि वळवाच्या वेळी काय काळजी घ्यायची?

खालच्याला छोटा यूपीएस आहे, वरच्याला नाही, एवढंच. यूपीएसचा आउटपुट दोन्ही डब्यांच्या ॲडॉप्टरशी जुळवून घ्या, व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त. यूपीएस नसेल तर लाइट आल्यावर तीन-चार मिनिटं थांबा. फायबरचा डबा उठायला वेळ घेतो, दुसरा आधी उठतो, आणि तेवढ्यात जोडलेल्या फोनला पत्ता मिळत नाही. फोनचं वाय-फाय बंद-चालू केलं की काम होतं.

एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला की गच्चीवरून गेलेली तांब्याची केबल दोन्ही टोकांना काढून ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. जवळ कुठे वीज पडली तर केबलमध्ये उसळलेला दाब पोर्ट जाळतो, आणि मग राउटर चालू दिसतो पण केबल लावलेला पोर्ट मेलेला असतो. परड्यापलीकडच्या वेगळ्या इमारतीत किंवा समोरच्या गोठ्यात नेट न्यायचं असेल तर तांबं नकोच. फायबरचा तुकडा आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे) लावा. ड्रॉप फायबरला (बाहेरून घरापर्यंत ओढायची फायबर) ताणासाठी बाहेरून पोलादी तार असते. इमारतीत शिरण्यापूर्वी ती तार फायबरपासून सोलून बाहेरच हुकाला बांधा, आत फक्त फायबर न्या. आतल्या चपट्या भागातही बारीक धातूच्या तारा असतील तर त्यांची टोकं कन्व्हर्टरच्या धातूच्या डब्याला लागू देऊ नका.